रूथ-सुनीत आणि एक हितचिंतक

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा मी एकटाच आहे. हे माझं स्वतःचं मत आहे.

म्हणून भाचीचं, रूथचं, लग्न ठरल्याबरोबर मी नगरला सावेडीतल्या आमच्या हॉलमध्ये उभा राहिलो आणि जाहीर केलं, "पत्रिकेवर वेबसाइट छापायची! रूथ-सुनीत वेडिंग डॉट कॉम! चर्चचा पत्ता, जेवणाची वेळ, फोटो, सगळं तिथं!"

"मामा, पण ते नाव आधी विकत घ्यावं लागतं ना?" रूथनं विचारलं.

"घेतलंय असं समज!" (समजायला काय लागतं?)

रूथ-सुनीत हे नाव जगात दुसऱ्या कुणाला कशाला हवं असेल? मी सावकाशीनं पत्रिका छापल्या, नमुना राहात्याला नवऱ्यामुलाकडे, सुनीतकडे, धाडला, गठ्ठे वाटले आणि मग नाव घ्यायला बसलो. तर ते गेलेलं!

हा धंदा मी ऐकून होतो. रस्ता होणार कळलं की काही लोक आधीच प्लॉट धरून बसतात ना, तसे हे भामटे लोकांची नावं धरून बसतात आणि गरजूला चढ्या भावानं विकतात. पत्ता उघडून पाहिला. आत फोटो नाही, मजकूर नाही, नुसत्या जाहिराती! घेतलेल्या नावावर मालकानं काही चढवलं नाही, तर नाव विकणारी कंपनी तिथं आपल्या जाहिराती चिकटवते. त्यात नावात 'वेडिंग', म्हणून जाहिरातीही त्याच गोत्रातल्या : केटरर, बँड, पुनर्विवाह मंडळ आणि घटस्फोटाचे वकील!

संध्याकाळी कोपरगावहून सुनीतच्या आत्यांचा फोन.

"सलाम, मामा. पत्रिकेवरचं उघाडलं आमी. पोरीचं हे दुसरं लगीन हाय का?"

"छे हो! पहिलंच!"

"मंग वकील कशापायी?"

"ते... स्पॉन्सर आहेत."

"लग्नाला घटस्फोटाचा वकील पैसं देतो?"

"हल्ली पद्धत आहे तशी."

"लई सुधारलं म्हनायचं नगर!"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. त्या भामट्याचं नाव कंपनीनं झाकून ठेवलेलं. निरोप पाठवायला तेवढी एक चौकट होती. मीही माझं नाव झाकलं आणि लिहिलं : 'पहिला हक्क माझा आहे! मुकाट्यानं सोड! दुसऱ्याच्या लग्नात मोडता घालतोस? तुझं लग्न कसं होतं तेच बघतो! – एक हितचिंतक.' पाठवलं आणि फार बरं वाटलं.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. आजवर कुणी खोकलेलंसुद्धा मी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या रविवारी राहात्याची मंडळीही आली होती. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, विचारलं आणि सुनीतचे वडील उभे राहिले!

"हरकत न्हाई, साहेब. पन पोराला धमकी आलीया. त्याचा उलगडा झाल्याबिगर लगीन न्हाई!"

रूथचा चेहरा पांढराफटक. माझं रक्त उसळलं. "कोण तो नालायक? आणा तो फोन इकडं! पाताळातून शोधून काढतो त्याला!"

सुनीतनं फोन माझ्या हाती दिला. म्हणाला, "मामा, तुम्ही पत्रिकेचा नमुना पाठवला तेव्हा बघितलं, तर ते नाव कुणी घेतलेलंच नव्हतं. म्हणून मी घेऊन टाकलं. फोटो लावून लग्नादिवशी रूथला सरप्राइज देणार होतो. तर कुणीतरी त्यावर हक्क सांगतोय! आमच्या दोघांचं नाव तिसऱ्याला कशाला हवं? रूथच्या मागं... कुणी होतं का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. मजकूर ओळखीचा वाटला. शैली तर फारच.

"मोठ्यानं वाचा," पाळकसाहेब म्हणाले.

वाचलं. जमेल तितकं मिळमिळीत. तरी शेवटच्या दोन शब्दांना पुढच्या बाकावरून आमची बायको म्हणालीच, "अहो, गटाराबद्दल पेपरात पत्रं लिहिता, ती याच नावानं ना?"

मी फोन पालथा धरला.

"म्हंजी धमकी देनारा मामाच?" सुनीतचे वडील.

"अन् वकीलबी ह्यांनीच आनले!" आत्या.

मी सगळं सांगितलं. पत्रिका आधी, नाव नंतर, इथपासून. पहिली रूथ हसली, मग सुनीत, मग राहाता आणि मग सगळं चर्च. पाळकसाहेबांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "आपण आपली हरकत मागे घेता ना?"

"घेतो," मी म्हणालो. आमच्या चर्चमध्ये लग्नाला हरकत घेतलेला एकमेव माणूस म्हणजे नवरीचा सख्खा मामा!

लग्न झालं. त्या दिवशी वेबसाइटही उघडली. वकील गेले होते. रूथ-सुनीतचे सुंदर फोटो आणि सगळ्यांत खाली तोंडात अख्खा लाडू कोंबलेला मी. फोटोखाली : 'एक हितचिंतक'.

"जावईबापू, काढा हो तेवढा," मी हात जोडले.

सुनीत म्हणाला, "मामा, इथं पहिला हक्क माझा आहे!"