चुकीची उत्तरं देण्याची माझी नोकरी

बी.एड.च्या अंतिम पाठात मी पहिली आले होते, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असणारच, मीच सांगितलं होतं. आधी सासरच्यांना, मग मुलांना, मग नातीला. इतक्या वेळा सांगितलं की मधली काही वर्षं मलाही ते खरं वाटून राहिलं होतं.

नातीचा अंतिम पाठ जवळ आला आणि माझी पंचाईत झाली.

तीही इथंच, जबलपूरला, बी.एड. करत होती. नेपियर टाउनमधल्या एका शाळेनं तिला सांगून ठेवलं होतं, पास हो आणि नव्या सत्रापासून ये. राहिला होता एवढा एकच पाठ. गढा मोहल्ल्यातली सरकारी शाळा, पाचवीचा वर्ग, अपूर्णांक, आणि मागच्या बाकावर दोन परीक्षक. पाठ फसला तर वर्ष गेलं आणि नोकरीही गेली. फसण्याची भीती उगीच नव्हती. सरावाच्या पाठात एका पोरानं चुकीचं उत्तर दिलं, तर ही अशी गडबडली की बरोबर उत्तर स्वतःच सांगून बसली. पुढच्या प्रश्नांची उत्तरंही सांगून टाकली, आणि बारा मिनिटांत पाठ संपवून घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"आजी, तू तर टॉपर होतीस," एका संध्याकाळी ती माझ्या पलंगावर येऊन बसली. "काही ट्रिक सांग ना. कोणी गलत जवाब दिला की माझं डोकंच बंद पडून जाते."

ट्रिक माझ्याजवळ होती. ती सांगायला तोंड उघडलं आणि तिचे रडून सुजलेले डोळे पाहून भलतंच बाहेर पडलं, म्हणजे खरं.

बावीस वर्षांची होते मी. कडक कांजीची साडी, डोक्यापेक्षा मोठा अंबाडा, हातात छडी आणि चेहऱ्यावर असा भाव की विद्येची देवी गढ्याला बदलीवर आली आहे. पाठ माझाही अपूर्णांकांचाच. पण पोरांवर विश्वास ठेवणारी मी नव्हते. परीक्षेच्या आधी दोन दिवस मधल्या सुट्टीत वर्ग गोळा केला आणि नऊ प्रश्नांची नऊ उत्तरं नऊ पोरांकडून घोकून घेतली. कोण कोणाच्या नंतर उठणार, तेही ठरलेलं. पहिला प्रश्न होता, सकाळी आईनं काय केलं. त्याचं उत्तर, रोटी. दुसरा, ती किती भावंडांत वाटली. उत्तर, चार भाई-बहन. असं करत करत गाडी अपूर्णांकावर न्यायची होती. प्रस्तावना म्हणतात तिला. पाठयोजनेच्या वहीत तिच्याखाली मी लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या.

परीक्षक बाई उशिरा आल्या. बसल्या आणि म्हणाल्या, प्रस्तावना राहू द्या, मूळ विषयावर या.

शहाणी मुलगी असती तर थांबली असती. मी छडी फळ्यावर आपटली आणि विचारलं, अर्ध्याचं अर्धं किती? पहिल्या बाकावरचा पोरगा ताडकन उठला. त्याची पाळी पहिली होती.

"रोटी," तो म्हणाला.

मी त्याला डोळ्यांनी बसवलं आणि पुढचा प्रश्न टाकला, एक छेद चारमधला वरचा अंक काय सांगतो? दुसरी मुलगी उठली, हात मागे बांधून, अगदी शिकवल्यासारखी. "चार भाई-बहन." नऊच्या नऊ पोरांनी आपापलं काम इमानदारीनं केलं. एकही चुकला नाही.

परीक्षक बाईंनी माझ्या वहीत एकच ओळ लिहिली: बच्चे तैयार हैं, अध्यापिका नहीं। आठवड्यानं मला दुसरा पाठ द्यावा लागला. त्यात पास झाले, जेमतेम.

नात हसता हसता पलंगावरून खाली घसरली. मग डोळे पुसले आणि मोबाइल काढून, तिला कॉलेजात दाखवलेला एक व्हिडिओ मला लावून दिला. जपानमधली शाळा होती. एक मास्तर शिकवतोय आणि त्याच्याच शाळेतले दहा-पंधरा शिक्षक भिंतीला लागून वही घेऊन उभे. गंमत म्हणजे मास्तरकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे पोरांकडे बघत होते. एका मुलीनं चूक उत्तर सांगितलं, तर त्यानं ते तसंच फळ्यावर लिहिलं आणि घरी पाहुणा आल्यासारखा खुलला. पाठ झाल्यावर सगळे गोल करून बसले आणि कोणतं पोर कुठं अडकलं, का अडकलं, यावरच बोलत राहिले. मी तो दोनदा बघितला. आमच्या वेळी मागे बसलेले लोक बाईचं अक्षर बघायचे आणि साडी.

दुसऱ्या दिवसापासून मी तिची विद्यार्थिनी झाले. वय वर्षं एकाहत्तर, काम एकच, चुकणं.

या कामात मला इतकी गती असेल असं वाटलं नव्हतं. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे मी असं ठासून सांगायची की स्वयंपाकघरातून सून ओरडून बरोबर उत्तर द्यायची. तिला दोनदा दटावावं लागलं. पहिल्या दिवशी नातीनं मिनिटाच्या आत उत्तर सांगून टाकलं, तर मी मोठ्यानं जांभई दिली. चौथ्या दिवशी तिनं खडू फेकला.

"तू जानबूझकर करून राहिली, आजी."

"असेन," मी म्हटलं. "पण उत्तर तर समोर पडलं आहे ना? विचार मला, कुठून आणलं."

तिनं विचारलं. मी सांगितलं, वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. ती पहिल्यांदाच माझ्या डोक्यात काय चाललंय ते बघू लागली. विचारणं तिला लवकर जमलं. विचारून थांबणं जमायला आणखी दहा दिवस लागले.

पाठाच्या दिवशी मीही शाळेत गेले. तिथली हेडमास्तरीण कधीकाळी माझ्याकडे शिकलेली. तिनं मला परीक्षकांच्याही मागे, कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. नातीनं फळ्यावर एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश लिहिले आणि विचारलं, मोठा कोणता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. ग्वारीघाटला तिच्या घरच्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे, हे मागाहून कळलं.

"एक बटा चार," ती म्हणाली.

एका परीक्षकानं पेन उचललं. नातीचा हात फळ्याकडे गेला. आता ही उत्तर सांगणार. हात थांबला. तिनं वळून मुलीकडे बघितलं.

"अच्छा। ऐसा क्यों लगा?"

"चार तीन से बड़ा है ना, दीदी।"

नातीनं ते फळ्यावर लिहिलं. मग विचारलं, एक नारियल तीन लोगों में बाँटो, और एक चार में, तो? आणि ती थांबली. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मुलगी हवेत बोटांनी नारळ फोडत होती.

"चौथा आया तो सबका टुकड़ा छोटा हो जाएगा," ती सावकाश म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "दीदी, मैं उल्टा बोली थी।"

कोणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच दिसलं होतं. मग सगळ्या वर्गालाच नारळ वाटायचे होते, पाच जणांत, आठ जणांत, आणि घंटा झाली तरी कोणी उठेना.

पाठानंतर परीक्षकानं नातीला विचारलं, उत्तर चुकल्यावर तुम्ही गडबडला नाहीत, हा सराव कुठं केला?

"घर पर, सर," ती म्हणाली. "मेरी एक स्टूडेंट है, इकहत्तर साल की। रोज़ ग़लत बताती है।" आणि तिनं सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. मी उभी राहिले. पन्नास वर्षांपूर्वी त्याच गढ्यात खाली घातलेली मान मी त्या दिवशी चांगली ताठ केली.

नात पास झाली. नव्या सत्रात नेपियर टाउनच्या शाळेत रुजू झाली. पण माझी सुटका नाही. तिच्या कॉलेजातल्या धाकट्या पोरींना बातमी लागली आहे. दर रविवारी त्या पाठयोजनेच्या वह्या घेऊन येतात. येताना खोव्याची जलेबी आणतात, ती माझी फी.

मागच्या रविवारी एक नवी मुलगी आली होती, भूगोलवाली. मराठी कळतं पण बोलायला लाजते. तिनं नकाशा टांगला आणि नर्मदा कुठं जाते ते विचारलं. मी जलेबीचा तुकडा तोंडात टाकला आणि अगदी खात्रीनं सांगितलं, बंगालच्या उपसागराला.

तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. मग माझ्याकडे बघून, अडखळत का होईना, मराठीत म्हणाली, "अच्छा आजी, तुम्हाला असं काहून वाटलं?"