ठ असलेली तीन अक्षरं

"आक्का, ठ आलाय."

भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आवाज असा, की वाटावं त्याच्या मुलीला काही दुखणंच निघालंय. मुलगी आठ दिवसांची होती आणि चांगली धडधाकट होती. जोशीबुवांनी पत्रिका पाहून तिच्या नावासाठी अक्षर काढून दिलं होतं, ते ठ निघालं होतं.

"मग ठकी ठेव," मी म्हणाले.

"चेष्टा नगं गं. तूच शोध. कोडी तूच सोडवतीस की."

ते खरं होतं. पेपरातलं शब्दकोडं मी शाळेत असल्यापासून सोडवते. लग्नानंतर रविवारचं कोडं आम्ही दोघं मिळून सोडवायचो. नवऱ्याला शब्द सुचला नाही की तो सरळ एखादा बनवायचा आणि शब्दकोशात असल्यासारखा अर्थही सांगायचा. त्याला जाऊन पाच वर्षं झाली. कोडं मी अजून सोडवते, पण भांडायला कुणी नसल्यामुळे ते फार लवकर सुटतं.

आमच्या घरात मुलीच्या नावाची अक्षरं विषम लागतात. एक फारच थोडं आणि पाच हाक मारायला लांब, म्हणून तीन. ठ सुरुवातीलाच हवा असं नाही, नावात कुठंही असला तरी चालेल, एवढी सूट भावाने जोशीबुवांकडून मिळवली होती. म्हणजे झालं कोडंच. तीन घरं आणि त्यात कुठंतरी ठ.

मी कामाला लागले. ठसका, ठिणगी, ठणका, ठोकळा. या अक्षराने सुरू होणारं सगळंच कुणाला तरी लागणारं. मग मधला ठ घेतला, तर कठोर, उठाव, कोठार, पिठलं. पिठलं मला मनापासून आवडतं, पण भाचीला त्या नावानं हाक मारणं जिवावर आलं. निष्ठा छान होतं, पण दोनच अक्षरी. फोनवरच्या नावांच्या याद्यांत इंग्रजी स्पेलिंगमुळे ठ आणि थ एकाच पंगतीला बसवलेले, त्यामुळे त्यांचा काही उपयोग नव्हता. ऑफिसातल्या सगळ्यांना मी त्या आठवड्यात वात आणला. एकाने तर मला बघितलं की "अजून न्हाय सापडला" असं आपणहून सांगायला सुरुवात केली.

नाव शेवटी तव्यावर भाकरी टाकताना समोर आलं. तीन अक्षरं, शेवटचं ठ, आणि हाक मारून बघितली तर घर जरा उजळल्यासारखं वाटलं. भाकरी करपली. मी तशीच खाल्ली आणि वहिनीला फोन केला. वहिनी मंद्रूपची, माहेरी कानडी बोलणारी, मोजकंच बोलणारी.

"सापडलं," मी म्हणाले.

"आक्का, थांबा. सांगू नका. मला न्हाय, तुमच्या भावाला न्हाय, आईंनाबी न्हाय. बारशापर्यंत तुमच्यापाशीच ठेवा."

मला वाटलं, तिच्या माहेरची काही रीत असेल. मी बरं म्हणाले. बारसं दोन आठवड्यांवर होतं.

माझ्या मनात वेगळीच गोष्ट होती, आणि ती मी कुणाजवळ बोलत नव्हते. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. या मुलीला सख्खी आत्या मी एकटी. पण नवरा गेल्यापासून आमच्याकडच्या कुठल्याही शुभकार्यात मला हळूच स्वयंपाकघरात सरकवलं जातं. कुणी वाईट बोलत नाही. फक्त "तुझ्या हाताला चव आहे" असं म्हणतात. माझ्या हाताला चव नाही, हे मला आणि जेवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. आणि मला त्या मुलीच्या कानात नाव सांगायचं होतं. इतकं मला पाच वर्षांत दुसरं काही हवंसं वाटलं नव्हतं.

बारशाच्या सकाळी आई म्हणाली, "घुगऱ्यांचं तू बघ बाई. कानात सांगायला तुझी चुलत बहीण हाय." माझ्याकडे न बघता म्हणाली. मी हरभरे उकडायला घेतले, आणि इतका राग आला की मीठ दोनदा टाकलं.

बाहेर पाळणा सजला, बायका जमल्या. थोड्या वेळाने चुलत बहीण आत आली. "नाव सांग गं पटकन. तुझ्याशिवाय कुणालाच म्हाईत न्हाय म्हणे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरून वहिनीचा आवाज आला. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधीच ऐकलं नव्हतं. "नाव ज्यांनी शोधलं त्याच सांगतील. आक्का आल्याबिगर मी पोरगीला पाळण्यात घालनार न्हाय."

तिने नाव माझ्यापाशी का ठेवायला लावलं, ते मला तेव्हा कळलं. दोन आठवडे ती या एका वाक्याची तयारी करत होती.

मी तिथेच उभी राहिले. मग आईच आत आली. माझे हात ओले होते, ते तिने आपल्या पदराने पुसले, एक एक बोट करून. "चल," म्हणाली.

पाळण्याशी वाकले आणि नाव विसरले. इतके दिवस जपलेलं नाव, साफ विसरले. मी तीन बोटं मोजली, एकेका बोटावर एकेक अक्षर ठेवलं, शेवटच्या बोटावर ठ आला आणि नाव परत मिळालं. "कुर्र" केलं आणि तिच्या कानात सांगितलं. इथे ते लिहीत नाही. ते तिचं आहे, कुणाला सांगायचं ते तिनेच ठरवावं.

नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ही रीत. पाच वर्षं सगळ्याजणी माझ्याशी जपून वागत होत्या, जपून बोलत होत्या, जपून लांब बसत होत्या. त्या दिवशी कुणीही जपलं नाही. वहिनीने घातला, चुलत बहिणीने दोन घातले, आणि सगळ्यात जोराचा आईचा होता.

घुगऱ्या खारट झाल्या होत्या. पाठ दोन दिवस दुखत होती. मी बाम लावला नाही.