अण्णांचा होकार

माझ्या भावाचं लग्न माझ्या वडिलांच्या एका शब्दावर अडलं, आणि तो शब्द अण्णांनी शेवटपर्यंत दिला नाही. आमच्या नात्यात पळून जाऊन केलेली लग्नं झाली होती. पोटच्या पोरीचं पुन्हा तोंड न बघणारे बापही होते. पण नवऱ्यामुलाच्या बापाचा होकार नाही म्हणून नवरीच लग्नाला उभी राहत नाही, असं आमच्याकडं कुणी ऐकलं नव्हतं.

भाऊ पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. ती एका प्राथमिक शाळेत शिकवायची. क्रांती चौकातल्या सिटी बसच्या थांब्यावर दोघांची ओळख झाली, आणि वर्षभरानं भाऊनं जेवताना घरात विषय काढला. मुलीचं नाव ऐकूनच अण्णांचा हात थांबला.

"मुसलमान?"

"नाही. बहाई."

"म्हंजे?"

भाऊला धड सांगता येईना. "सगळे धर्म एकाच देवाचे, असं मानतात ते. तिचे आजोबा मुसलमान होते. वडील तरुणपणी बहाई झाले."

"नाव बदललं का त्यांनी?"

"नाही."

"मग मुसलमानच," असं म्हणून अण्णांनी ताट सारलं.

अण्णा तहसीलमधनं पेशकार म्हणून निवृत्त झालेले. वेरूळकडं आमचं गाव, तिथं थोडी शेती. पुंडलिकनगरात त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. लहानपणी निजामाच्या शाळेत शिकल्यामुळं उर्दू त्यांना मराठीइतकीच यायची. पाढे उर्दूत म्हणायचे, राग आला की शिव्याही उर्दूत. पण रझाकारांनी त्यांच्या चुलत्याला गावच्या वेशीत मारलं होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीचे ते महिने अण्णांनी दहा वर्षांच्या वयात बघितले होते. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. त्या चुलत्याच्या श्राद्धाला मात्र कधी चुकायचे नाहीत.

आम्हाला वाटलं, भाऊ कोर्टात जाऊन लग्न करील, वर्ष-दोन वर्षं अबोला राहील, नातवंड झालं की अण्णा विरघळतील. शेजारीपाजारीही हेच सांगत होते. पण मुलगीच तयार नव्हती. तिच्या धर्मात दोन्हीकडच्या हयात असलेल्या आई-वडलांचा होकार लागायचा. ते कोणत्याही धर्माचे असोत, आणि होकार मनापासूनचा पाहिजे. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती. वडील राजी होते. माझी आईही राजी होईलसं दिसत होतं. राहिले अण्णा.

भाऊ माझ्यासमोर तिच्यावर चिडला होता. "माझा बाप तुमचा धर्म मानत नाही आणि तुमचा देव त्याचा नकार मानतो?"

ती म्हणाली, "दोन घरं तोडून एक घर करायचं नाही, एवढंच आहे त्यात. मी थांबते ना. तुला कुठं नाही म्हणते?"

मग एका रविवारी सकाळी तिचे वडीलच आमच्याकडं आले. सायकल फाटकाला लावली, पँटच्या पायाच्या क्लिपा काढून खिशात टाकल्या. उर्दू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, अण्णांच्याच वयाचे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागलो. दारात उभे राहून ते बहाईंच्या रीतीनं "अल्लाहु अबहा" म्हणाले, आणि अण्णांचा चेहरा बघून लगेच हात जोडून "नमस्कार" म्हणाले.

अण्णांनी त्यांना बसा म्हटलं, पण पहिलाच सवाल असा केला, "नमाज मशिदीत पढत नाय, मौलवी नाय. मग तुम्ही कोण?"

"माझे भाऊसुद्धा हेच विचारतात," मास्तर म्हणाले. "एकाच गल्लीत राहतो आम्ही. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, तो कधीचा बंद झाला. ते म्हणतात तू मुसलमान नाहीस. तुम्ही म्हणता आहेस. दोघांनी एकदा बसून ठरवा अण्णासाहेब, मला सांगा."

अण्णा हसले नाहीत, पण आईला चहा टाकायला सांगितला.

मास्तरांनी लग्नाची गोष्ट सरळ मांडली. तुमच्या पद्धतीनं सप्तपदी करा, मांडव घाला, भटजी बोलवा. आमचीही एक साधी प्रार्थना होईल. मुलीनं धर्म बदलायचा नाही आणि मुलानंही नाही.

"मग अडलं कुठं?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्यापाशी."

"तर मग अडलेलंच राहू द्या."

मास्तर चहा पिऊन निघाले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. लग्नाचं काढलंच नाही. पावसापाण्याचं बोलले, निजामाच्या शाळेतल्या मारकुट्या मास्तरांचं बोलले. अण्णांनी एक जुना उर्दू शेर अर्धवट म्हटला, उरलेला मास्तरांनी पुरा केला. तिथनं ते दर रविवारी यायला लागले. दोघं ओट्यावर बसून तासन् तास भांडायचे.

"कृष्णालाही आम्ही ईश्वराचा अवतार मानतो," मास्तर एकदा म्हणाले.

"आमचा कृष्ण मानायची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

"कुणाला मागितलीच नाही. तुम्हाला मागितली असती तर तुम्ही नाय म्हणला असता."

तेव्हा मात्र अण्णा हसले. आत भाजी चिरणाऱ्या आईनं माझ्याकडं बघितलं. पुनर्जन्मावरनं त्यांचं दोन-तीन रविवार चाललं होतं. मेल्यावर माणूस परत येत नाही असं मास्तर म्हणायचे, आणि अण्णा विचारायचे, "मग ह्या जन्मात एकाच्या वाट्याला सगळं वाईट येतं, त्याचा हिशेब कुठं लागतो?" मास्तर म्हणायचे, "ते मलाही पुरतं कळलेलं नाही." हे कबूल करणं अण्णांना आवडायचं. मूर्तिपूजेवर झालं, मांसाहारावर झालं. शनिवारपासनं अण्णा सवाल जमवून ठेवायचे. लग्नाचा विषय मात्र निघाला की त्यांचा एकच शब्द असायचा, नाय.

त्या दिवसांत मी आणि आई एकदा मास्तरांच्या घरी प्रार्थनेला गेलो. छोटीशी खोली, सतरंजी अंथरलेली. चार-दोन बहाई, एक ख्रिस्ती नर्स, एक शीख ट्रकवाले आणि आम्ही दोघी. कुणी फारसीत काही वाचलं, कुणी हिंदीत. मुलीनं आईला म्हटलं, "आई, तुम्ही पण काही म्हणा." आई लाजली, मग डोळे मिटून तिनं एक अभंग म्हटला. संपल्यावर कुणी वाहवा केली नाही, सगळे गप्प बसून राहिले, जसे फारसीतल्या प्रार्थनेनंतर बसले होते. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "पोरगी लई गुणाची हाय. माझ्याकडनं व्हय हाय. पण तू ह्यांना सांगू नको, ह्यांचं झाल्यावर मी सांगंन."

मग शहरात दंगल झाली. कर्फ्यू लागला, उठला, पुन्हा लागला. मास्तर यायचे बंद झाले. अण्णा रविवारी सकाळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि विचारलं की म्हणायचे, "दूधवाल्याला बघतोय." मास्तर आले तेव्हा कपाळावर पट्टी होती. दगड लागला होता.

"कुणी मारला?" अण्णांनी विचारलं.

"दिसलं नाही. नाव आणि धर्म विचारून मारला असता तर दोन्हीकडच्यांनी मारला असता."

त्या दिवशी ते भांडले नाहीत. दंगलीवरनं बोलणं मागं मागं जात पोलीस ॲक्शनपाशी गेलं. अण्णांनी पहिल्यांदा स्वतःहून आपल्या चुलत्याचं सांगितलं. रझाकार कसे आले, प्रेत वेशीत कसं पडून होतं, घरातल्या बाया रडायलासुद्धा कशा भीत होत्या. मास्तर ऐकत होते. मी आणि आई दाराच्या आत उभ्या होतो.

मग मास्तर म्हणाले, "माझे वडील त्यानंतर गेले. फौज आली, निजाम शरण गेला, त्याच्यानंतर. ते गावचे मुन्शी होते, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. रझाकारांशी त्यांचं काही नव्हतं. पण तेव्हा कोण विचारत होतं? शेजारच्या गावाची माणसं आली आणि त्यांना घरातनं घेऊन गेली. मी कोठीत कडब्यामागं होतो. आम्हाला माती द्यायलासुद्धा मिळाले नाहीत."

अण्णांनी विचारलं, "कोणतं गाव तुमचं?"

इतके दिवस एकमेकांच्या शेजारी बसून अण्णांनी हे कधी विचारलं नव्हतं. मास्तरांनी सांगितलं. ते आमच्या गावाला लागूनच, ओढ्यापलीकडचं होतं.

अण्णांनी आवाज खाली आणला, तरी आम्हाला ऐकू आलं. "आमच्या आळीची माणसं गेली होती. माझा बाप होता त्यांच्यात. परत आला, पाय धुतले आणि न जेवता निजला. आईनं विचारलं तर तिच्यावर धावून गेला."

मास्तरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "गाव मला माहीत होतं अण्णासाहेब. पहिल्याच दिवशी तुमच्या पोरानं सांगितलं होतं. माणूस माहीत नव्हता."

"माहीत असून आलात?"

"त्यासाठीच आलो. ह्या दोन पोरांचं झालं तर आपल्यावरचं काहीतरी उतरंल असं वाटलं मला."

"उतरत नसतं ते," अण्णा म्हणाले. "ज्याच्या बापाला माझ्या बापानं नेलं, त्याची पोर माझ्या घरात ताट वाढणार आणि मी ते खाणार? माझ्या गळ्याखाली घास उतरायचा नाय. आजवर नाय म्हणत होतो ते तुमच्या जातीपायी. आता माझ्यापायी म्हणतो. मला परत विचारू नका मास्तर."

मास्तर त्यानंतरही येत राहिले, पण ओट्यावर दोघं बहुतेक गप्पच असायचे. भाऊला आईनं सगळं सांगितलं तेव्हा तो अण्णांसमोर जाऊन उभा राहिला. "आजोबांनी केलं त्याची शिक्षा मला का?" अण्णांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. मला पुष्कळदा वाटतं, ते दोघं इतकं बोलले नसते, इतके जवळ आले नसते, तर अण्णा कधीतरी कंटाळून हो म्हणून गेले असते.

काही वर्षांनी अण्णा शेतावर गेले असताना बांधावरच कोसळले. गावातच दहन झालं. मास्तर एसटीनं आले. त्या गावात ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाय ठेवत होते. स्मशानात आमच्या भावकीतली म्हातारी माणसं त्यांच्याकडं बघत राहिली. ते एका बाजूला उभे राहून ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. चिता विझेपर्यंत हलले नाहीत.

आता हयात असलेल्या आई-वडलांत होकार द्यायची माझी आईच उरली होती, आणि तिचा होकार मला माहीत होता. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं. मग ती मुलगी स्वतः आईला विचारायला आली. आईनं तिचा हात हातात घेतला आणि नाही म्हणाली.

भाऊ ओरडलाच. "आई, तू तर राजी होतीस!"

"व्हते," आई म्हणाली. "ते असताना म्हणले असते तर ते माझं असतं. भ्याले, म्हणले नाय. आता व्हय म्हणलं म्हंजे ते मरायचीच मी वाट बघत व्हते असं व्हईल. त्यांना मी असं नाय करणार."

मुलगी रडली नाही. आईच्या पाया पडली आणि उठली. फाटकापर्यंत मी तिच्यासोबत गेले. भाऊ मागनं आला आणि म्हणाला, "उद्याच रजिस्टर करू. पुरे झालं." ती म्हणाली, "आईंनी मनापासून नाही म्हटलंय. ते मी कसं ओलांडू?" भाऊ तिला दगड म्हणाला. आणखीही बोलला. ती ऐकून घेऊन निघून गेली. पुढच्या वर्षी तिनं घाटावरच्या एका शाळेत नोकरी धरली.

भाऊनं लग्न केलं नाही. आईनं स्थळं आणली, त्यानं फोटोही बघितले नाहीत. घरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायचे.

पुष्कळ वर्षांनी मास्तर वारले तेव्हा आम्ही तिघंही गेलो. त्यांचे भाऊ गल्लीतल्या आपापल्या दारात उभे होते. एकजण मयतीबरोबर आला, पण रस्ता ओलांडून पलीकडनं चालत राहिला. गावाबाहेर बहाईंनी घेतलेली लहानशी जागा होती. शवपेटी ठेवल्यावर सगळे उभे राहिले आणि मुलीनं प्रार्थना म्हटली. त्यांच्यात मौलवी-भटजी नसतो, कुणीही म्हणायची असते. तिचा आवाज कुठंच अडखळला नाही. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. भाऊ शेवटच्या रांगेत होता.

मास्तरांच्या घरी परतल्यावर आई तिच्याजवळ सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "आता माझी ना नाय. करा आता."

ती बराच वेळ आईचा हात कुरवाळत राहिली. "तुम्ही म्हणालात, बरं वाटलं आई," ती म्हणाली. "अब्बांना ऐकायला मिळायला हवं होतं." मग उठून लोकांना पाणी द्यायला लागली.

भाऊ बाहेर स्कूटरपाशी होता. मी त्याला आईचं बोलणं सांगितलं. त्यानं ऐकलं.

"आता काय करायचं त्याचं?" तो म्हणाला, आणि आईला हाक मारायला मला परत आत पाठवलं.