शेजाऱ्यांना विचारून मारलेले बाण

आमच्याकडे कुणी जेवायला आलं की पुलावाबरोबर शिरीषच्या तिरंदाजीचे किस्से वाढले जातात. आता तर इतके साठलेत की पाहुणेच फर्माईश करतात, "तो गालिच्याचा सांगा ना!" शिरीष वैतागतो. म्हणतो, "अगं, मी सिरियसली प्रॅक्टिस करतो, त्याबद्दल कधी सांगशील?" पण त्यात सांगण्यासारखं काय आहे? बाण सुटतो, लागतो नाहीतर लागत नाही. खरी गंमत आमच्या शेजाऱ्यांची!

आम्ही अबू धाबीत, खलिफा सिटीतल्या एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहतो. मागे लांबट अंगण, भोवती उंच भिंत. वरच्या मजल्यावर केरळची शीबा, हॉस्पिटलात नर्स आहे. डावीकडे उस्ताद मगदी, इजिप्तचे, शाळेत गणित शिकवतात. उजवीकडे अबू राशिद, इथलेच, आणि त्यांची ऐंशी पार केलेली आई. आमच्या इराच्या शाळेत तिरंदाजीचा क्लास सुरू झाला आणि तिला सोडायला-आणायला जाता जाता तिचा बाप वेडा झाला. "मी घरी प्रॅक्टिस करणार," म्हणाला. बास, तिथून सगळं सुरू झालं.

*

शिरीषचं एक आहे, विचारल्याशिवाय काही करणार नाही. आधी घरमालकाला फोन. मालक म्हणाले, "इन्शाल्ला." आता इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, हे इतकी वर्षं इथं राहूनही आम्हाला कळलेलं नाही! शिरीषनं चिकाटीनं परत विचारलं. मालक म्हणाले, "शेजारी हो म्हणाले तर माझंही हो."

मी बेसनाचे लाडू वळले आणि डबा घेऊन आम्ही दारोदार निघालो. शीबानं विचारलं, "आवाज किती होणार?" शिरीष म्हणाला, "अजिबात नाही." (हे पुढे अंगाशी आलं.) अबू राशिदनी विचारलं, "बाण कुठल्या दिशेला?" शिरीषनं त्यांना अंगणात आणून मागची भिंत दाखवली. पलीकडे विजेची बंद खोली आहे, माणसाची ये-जा नाही. ते म्हणाले, "खलास, मग यल्ला!" म्हणजे, ठरलं, करा सुरू.

मगदींनी दोन लाडू संपवले आणि मगच तोंड उघडलं. "शिकार कसली करणार?"

"शिकार नाही हो, समोर कागद लावायचा आणि त्यावर नेम धरायचा."

मगदी गंभीर झाले. "कागदानं काय केलंय तुमचं?"

*

क्लासचे सर म्हणाले, फोमच्या टार्गेटमागे काहीतरी जाड टांगा, चुकलेला बाण तिथं अडला पाहिजे. मग आम्ही दुबई गाठली. देरा भागातल्या एका दुकानात जुने गालिचे मिळतात, तिथं गेलो. दुकानदार म्हातारा पठाण. त्यानं एकेक गालिचा असा उलगडला, जणू मुलगी दाखवतोय. कुठला किती गाठींचा, कुठल्या गावचा, सगळं सांगितलं. आम्ही सगळ्यात जाड होता तो निवडला. त्यानं कौतुकानं विचारलं, "हॉल में बिछाओगे या बेडरूम में?"

शिरीषला खोटं बोलता येत नाही. "नहीं चाचा, बाहर टांगेंगे. इस पे तीर मारेंगे."

चाचांनी गालिच्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, ये मत सुनाओ. मुझे बोलो, हॉल में बिछाएँगे."

मी म्हटलं, "हॉल में बिछाएँगे, चाचा."

"मुबारक हो!" म्हणाले आणि गुंडाळून दिला.

*

आता शीबाचं. पहिल्याच शनिवारी सकाळी शिरीष ऐटीत अंगणात उतरला. ठक्. ठक्. ठक्. फोममधून भिंतीत आणि भिंतीतून वर! दहा मिनिटांत शीबा खाली. नाइट ड्यूटी करून आलेली, डोळे लालभडक. पण आवाज न चढवता म्हणाली, "सर, तुमचा बाण तिकडे कुठे लागतो मला माहीत नाही. इकडे प्रत्येक बाण माझ्या उशीत लागतोय!"

शिरीष इतका ओशाळला की दिवसभर नीट जेवला नाही. टार्गेट भिंतीपासून पुढे ओढलं, खाली रबर घातलं. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी शीबानंच तोडगा काढला. ती झोपली असेल तेव्हा बाल्कनीत लाल टॉवेल टांगणार. टॉवेल दिसला की प्रॅक्टिस बंद.

झकास चाललं होतं. मग एकदा टॉवेल लागला तो निघेचना! आज नाही, उद्या नाही. शिरीष सकाळी खिडकीतून वर बघायचा आणि धनुष्य परत कपाटात ठेवायचा. मला म्हणाला, "बिचारी आजारी असेल गं. सूप करून दे." मी सूप घेऊन वर गेले, तर दाराला कुलूप. मेसेज केला, "शीबा, बरी आहेस ना?"

उत्तर आलं, "एकदम मस्त! आम्ही केरळला आलोय. बाल्कनीत माझा टॉवेल वाळत राहिलाय, प्लीज काढाल का?"

*

मगदींचा प्रश्न आवाजाचा नव्हताच. उलट ते संध्याकाळी चहाचा ग्लास घेऊन भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसायला लागले. टार्गेटला बाण लागला की ठक्, आणि गालिच्याला लागला की भप्. हा फरक त्यांना लगेच कळला. भप् झालं की पलीकडून हाक, "हबीबी, मिस!"

शिरीषची चिडचिड व्हायला लागली. "ऑफिसात बॉस, घरी तू, आता भिंतीपलीकडेही परीक्षक!" पण तोंडावर हसून म्हणायचा, "शुक्रन, उस्ताद!"

एका संध्याकाळी शिरीष गाडीतून उतरतो तोच मगदी धावत आले. त्याला मिठीच मारली. "वल्ला, काय खेळलात आज! मी सगळे बाण ऐकले. एकही मिस नाही! मी नेहमी म्हणतो, मेहनत फळते!"

शिरीषच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसचं कार्ड. तो काही बोलायच्या आत इरा दारातून म्हणाली, "थँक यू, अंकल."

*

खंडेनवमीला आम्ही धनुष्याची पूजा केली. पाटावर ठेवलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेवढ्यात मगदी डबा परत द्यायला आले आणि दारातच थबकले.

"आज ह्याचा वाढदिवस?"

मी समजवायला तोंड उघडलं, पण इरा पटकन म्हणाली, "काइंड ऑफ, अंकल."

तेव्हापासून दर वर्षी मगदी त्या दिवशी बसबूसा, म्हणजे त्यांच्याकडचा रव्याचा केक, घेऊन येतात. धनुष्यासमोर उभे राहून "हॅपी बर्थडे" म्हणतात. आणि पहिला तुकडा शिरीषला देत नाहीत, आधी धनुष्यासमोर ठेवतात!

*

आणि हा अबू राशिदच्या आईचा. आम्ही त्यांना आजीच म्हणतो. इथला सगळा व्यापार मुंबईशी चालायचा त्या जुन्या पिढीतल्या, त्यामुळे हिंदी फर्डं, फक्त बाई असो वा पुरुष, सगळ्यांना एकच क्रियापद. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी काठी टेकत एकट्याच आमच्या अंगणात आल्या. खुर्चीत बसून शिरीषचा नेम बघितला. मग म्हणाल्या, "हमको भी दो."

शिरीषनं इराचं जुनं, हलकं धनुष्य आणलं. मला आणि इराला आपल्या मागे उभं केलं. आजींना पाय कसे ठेवायचे, कोपर कुठे, सगळं दाखवलं. आजी मान हलवत होत्या, "मालूम, मालूम." शिरीष म्हणाला, "अभी छोड़ना नहीं, पहले मैं..."

आजींनी धनुष्य वर आभाळाकडे उचललं, ताणलं आणि सोडून दिलं!

बाण सुर्रकन उजवीकडच्या भिंतीवरून गेला. पलीकडे फाटल्यासारखा आवाज झाला. शिरीषचा चेहरा पांढराफटक. मग पलीकडचं दार आपटलं आणि अबू राशिद हातात बाण घेऊन आमच्या फाटकातून आत आले. कुणाला काही लागलं नव्हतं, देवाची कृपा. त्यांच्या गाडीवरच्या सावलीच्या कापडात बाण अडकला होता.

"शिरीष! हे काय?"

मी बघितलं, तर आजी खुर्चीत बसलेल्या, हात मांडीवर. धनुष्य शिरीषच्या हातात. कधी दिलं कुणास ठाऊक!

शिरीषनं आजींकडे पाहिलं. मग अबू राशिदकडे. मान खाली घालून म्हणाला, "सॉरी, माझ्या हातून सुटला. कापड मी नवीन लावून देतो. पुन्हा असं होणार नाही."

अबू राशिद काही बोलणार, तेवढ्यात आजींनी काठी जमिनीवर आपटली आणि शिरीषकडे बोट दाखवून म्हणाल्या,

"मैं कितना बार बोला इसको, संभालके मारो!"