फ्रेंच चाकू आणि मराठी ‘तुम्ही’

केतनने पिक्चर थांबवला आणि म्हणाला, “मॅडम, भीतीच वाटत नाहीये.”

स्क्रीनवर एक स्वयंपाकघर होतं. फरशीवर रक्त, कोपऱ्यात एक बाई आणि तिच्यासमोर चाकू घेतलेला माणूस. दिसायला काहीच कमी नव्हतं. पण केतनचं म्हणणं खरं होतं. मलाही भीती वाटत नव्हती, आणि ते का हे मला सांगता येत नव्हतं.

मी डबिंग डायरेक्टर आहे. परदेशी पिक्चर मराठीत बोलतो तेव्हा कुणी, कसं, कुठल्या सुरात बोलायचं ते मी ठरवते. केतन हा आमचा क्लायंट. एका ओटीटी कंपनीत असतो, ऑफिस पवईला. त्यांनी एक फ्रेंच हॉरर घेतला होता. गावाबाहेरचं मोठं घर, संध्याकाळची वेळ, गाडी बंद पडली म्हणून दोन माणसं दार वाजवतात आणि आत येतात. मग रात्रभर जे व्हायचं ते होतं. या जातीच्या फ्रेंच पिक्चरमध्ये रक्ताला तोटा नसतो. हातपाय, कातडी, कात्री, सगळं जवळून दाखवतात. केतनला वाटत होतं, लोक ते बघायलाच येणार. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

त्याने उपायही सांगितले. चाकूचे आवाज वाढवा, त्या माणसाच्या तोंडी दोन-चार शिव्या घाला आणि त्याचा आवाज बदला, म्हणजे आर्टिस्टच बदला. हा आवाज आता लोकांना पाठ झालाय, असं तो म्हणाला.

तो आवाज मकरंद परबचा होता. मकरंद आणि मी या धंद्यात जवळजवळ बरोबरच आलो. घसा खरवडून काढलेला असा त्याचा एक खास आवाज आहे. त्या आवाजावर त्याने शेकडो खलनायक केलेत आणि घर चालवलंय. अलीकडे त्याला कामं कमी येत होती. या रोलसाठी मीच त्याचं नाव पुढे केलं होतं. काढलं असतं तर बातमी अंधेरीतल्या प्रत्येक स्टुडिओत पोचली असती, आणि मग त्याला कुणी बोलावलं नसतं.

मी केतनकडे दोन दिवस मागितले. तो म्हणाला, शुक्रवारी फायनल ऐकवा, नाहीतर मी दुसरा माणूस पाठवतो.

स्टुडिओत येऊन मी आधी चाकूचे आवाज वाढवून पाहिले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी पिक्चर आमच्याकडे येतो तेव्हा संवाद सोडून बाकी सगळे आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतात. संगीत, दार, पावलं, चाकू, सगळं. म्हणजे रक्त आम्हाला फ्रान्सहून आयतं मिळतं. ते मराठीतही तेच, तमिळमध्येही तेच. आमचं म्हणून जे काही असतं ते फक्त बोलणं. आवाज वाढवल्यावर सीन नुसता मोठा झाला. मी दचकले, पण घाबरले नाही. चौथ्यांदा तर दचकलेही नाही.

त्या रात्री बोरिवलीला घरी धड जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर मी उगाच त्याच्यावरच वैतागले. एक वाक्य डोक्यातून जात नव्हतं. आम्हाला भाषांतरासाठी फ्रेंच स्क्रिप्ट देत नाहीत, त्याचं इंग्लिश देतात. त्या इंग्लिशमध्ये, ऐन स्वयंपाकघराच्या सीनमध्ये, तो माणूस बाईला म्हणतो, ‘से इट अगेन. प्रॉपर्ली.’ आमच्या भाषांतरात झालं होतं, ‘परत बोल. नीट बोल.’ पण बाई तर नीटच बोलत होती. काय नीट बोलायचं राहिलं होतं? आणि एवढंसं ऐकून ती रडते कशाला?

दुसऱ्या दिवशी केतनने पुन्हा पवईला बोलावलं, पोस्टर दाखवायला. पोस्टरवर फक्त रक्तच होतं. परत येताना रिक्षा जोगेश्वरी लिंक रोडवर अडकली. पुढे कुठेतरी मेट्रोचं काम चाललं होतं. बसून बसून जीव नुसता कंटाळला होता, म्हणून मी फोन काढला, इयरफोन लावले आणि तो सीन मूळ फ्रेंचमध्ये ऐकायला लागले. पिक्चर बघितला नाही, डोळे मिटून फक्त ऐकला.

मूळ आवाज आम्ही रेकॉर्डिंगच्या वेळी ऐकतोच. पण तेव्हा लक्ष असतं श्वास कुठे, ओठ कधी उघडतात, वाक्य किती लांब याच्यावर. आता पहिल्यांदाच मला शब्द ऐकू आले. अकरावी-बारावीला मी मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं. त्यातलं आता दोन शब्दांपलीकडे काही उरलेलं नाही. ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही.

चाकू घेतलेला माणूस तिला सतत ‘वू’ म्हणत होता.

मी सीन मागे नेला. दारात तो अनोळखी असताना बाईही त्याला ‘वू’ म्हणते. मग स्वयंपाकघरात ती त्याला ओळखते. या घरात पूर्वी कामाला असलेल्या बाईचा तो मुलगा. आणि ओळखल्याबरोबर ती ‘त्यू’ वर येते. नवरा बाहेर रक्तात पडलाय, समोर चाकू आहे, तरी मोलकरणीच्या पोराला तिच्या तोंडून आपोआप ‘तू’ च येतं. म्हणून तो म्हणतो, नीट बोला. मला तुम्ही म्हणा.

इंग्लिशमध्ये दोन्हीला ‘यू’ च. तिथे सगळं धुऊन निघालं होतं. आणि आम्ही मराठीत बरोबर उलटं केलं होतं. गुंड म्हणून त्याच्या तोंडी ‘ए, तू’ आणि घाबरलेली म्हणून तिच्या तोंडी ‘तुम्ही’. पिक्चरचा सगळा जीव होता त्याच ठिकाणी.

मी रिक्षातूनच आमच्या भाषांतरकाराला फोन केला. तो आधी चिडला, मग त्याने तो सीन स्वतः ऐकला आणि संध्याकाळपर्यंत नवीन ओळी पाठवल्या.

सकाळी मकरंदला बोलावलं आणि शुभांगीलाही. शुभांगी मुलुंडला राहते, नाटकातली आहे, त्या बाईचा आवाज तिचा. हल्ली आर्टिस्ट एकेकटेच येऊन आपापल्या ओळी बोलून जातात. मी दोघांना एकत्र माईकवर उभं केलं. मकरंदने ओळी वाचल्या आणि तो अस्वस्थ झाला. क्लायंटने काय सांगितलंय ते त्याच्या कानावर गेलंच होतं.

“आधीच म्हणतात भीती वाटत नाही,” तो म्हणाला. “त्यात आता मी अहो-जाहो करू? माझी वाट लावतेस काय गं?”

मी त्याला गोष्ट सांगितली. रिक्षात जे ऐकलं ते सगळं. त्याने कागदावरच्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “गिरणी बंद पडल्यावर माझी आई घाटकोपरला एका घरी भांडी घासायला जायची. कधी कधी मला सोबत न्यायची. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गातला. मी त्याला अहो म्हणायचो. आईने शिकवलेलं.”

शुभांगीने हातातली पाण्याची बाटली खाली ठेवली. मी रेकॉर्डिंग सुरू करायला सांगितलं.

मकरंदने तो खरवडलेला आवाज काढलाच नाही. साधा, जरा बारीक, समोरच्याला त्रास होऊ नये असा आवाज काढला. बाई त्याला ओळखते, म्हणते, “अरे, तू मार्थाचा मुलगा ना? केवढा मोठा झालास.” तो थांबतो. मग हळू म्हणतो, “दारात मला तुम्ही म्हणालात. आता काय झालं? परत बोला. नीट बोला.”

शुभांगीची पुढची ओळ होती, ‘तुम्ही बसा.’ तिला ती एका दमात म्हणता आली नाही. ‘तुम्ही’ म्हणताना तिचा आवाज मध्येच तुटला. ते तुटणं स्क्रिप्टमध्ये नव्हतं. शिवाय ओठही जुळत नव्हते. ‘वू’ ला तोंड उघडं राहतं, ‘तुम्ही’ तल्या ‘म’ ला मिटावं लागतं, आणि सीन होता चेहऱ्याच्या अगदी जवळून घेतलेला. दुसरा टेक घ्यायला हवा होता. मी घेतला नाही.

शुक्रवारी केतन स्टुडिओत आला. खुर्चीत रेलून, एका हातात कॉफी. सुरुवातीच्या मारामारीला मान डोलावत राहिला. स्वयंपाकघराचा सीन आला तशी त्याने कॉफी खाली ठेवली. सीन संपल्यावर त्याने पिक्चर थांबवला. मला वाटलं, आता ओठांचं काढणार.

“हा नवीन माणूस कोण?” त्याने विचारलं.

“मकरंद परबच आहे,” मी म्हटलं.

त्याने कॉफी परत उचलली. मग म्हणाला, ठीक आहे, हा राहू दे. शिव्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. चाकूचे आवाज मात्र त्याने वाढवून घेतलेच. पोस्टरही तेच राहिलं, आणि ट्रेलरमध्ये फक्त किंकाळ्या होत्या.

पिक्चर आल्यावर मकरंदने घरी सगळ्यांना बसवून दाखवला. त्याची बायको मटार सोलत बघत होती म्हणे. दोन खून झाले, एक बोट तुटलं, तिचे मटार चालूच. स्वयंपाकघराचा सीन लागला तशी ती उठून आत गेली आणि म्हणाली, हे बंद करा, मला नाही बघवत. हे सांगताना मकरंद खूश होता. आता त्याला गोड बोलणाऱ्या खुन्यांचीच कामं येतात, आणि त्यालाही तो कंटाळलाय.

माझं म्हणाल तर एक सवय लागली. हॉररचं काम आलं की क्लायंट सांगायला लागतो, यात किती मरतात, कसे मरतात. मी ऐकून घेते. मग विचारते, यात कोण कोणाला काय म्हणतं? बहुतेकांना माहीत नसतं. मग मी मूळ भाषेतला आवाज मागवून घेते.