जनेलाच्या आतलं जनेल

माझ्या टायपिंगमध्ये आयुष्यात कुणी चूक काढली नव्हती. ती एका संगणकाने काढली, आणि तीही मी अगदी नियमाप्रमाणे टाइप करत होते म्हणून!

मिहीर, सई, तुम्ही तिकडे कॅनडात हे वाचून पुन्हा हसाल. हसा. पण उद्या तुमच्या मुलांनाही कळायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

गेल्या वर्षी चवथीला, म्हणजे गणपतीत, मिहीर कोरगावला आला तेव्हा माझ्या संगणकात व्हायरस शिरले होते. त्याने सगळं पुसून लिनक्स घातलं. माझा जुना मराठी फाँट त्यावर चालेना, म्हणून लिनक्सच्या पोटात एक खोटा संगणक बसवला आणि त्यात माझं जुनं विंडोज. व्हर्च्युअल मशीन म्हणतात म्हणे. तुमच्या आजोबांनी चष्मा लावून पाहिलं. (आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात, हे तुमच्या मुलांसाठी.)

"म्हणजे जनेलाच्या आत आणखी एक जनेल? कित्याक रे? वारो खंयच्यान येतलो?"

मिहीर परत गेला, आणि वर्षभर ते मशीन मी उघडलंच नाही. यंदा तुमचं येणं जमणार नव्हतं. गणपतीवर फळांची माटोळी बांधायला घरात आम्ही दोघंच, आणि चवथ तोंडावर आलेली. तेवढ्यात सईचा फोन.

"आजी, पातोळ्या कशा करतात ते लिहून पाठव ना. आम्ही इथे करून बघतो."

माझ्या हातच्या पातोळ्या पोचणार नव्हत्या, निदान कृती तरी पोचावी! मी लगेच बसले. हळदीच्या पानापासून वाफेपर्यंत सगळं लिहिलं. मी डिचोलीला खाण कंपनीच्या कचेरीत पत्रं टाइप केलेली बाई. मुरगावला बोट लागली की साहेब कितीही घाई करोत, माझी तारीख उजव्या बाजूलाच बसायची. तेव्हा शेवटी तारीख घातली आणि ती उजवीकडे न्यायला कंट्रोल-आर दाबलं.

काहीतरी प्रश्न आला. मी सभ्यपणे एंटर दाबलं. पडदा काळा! आतला संगणक मेला आणि नव्याने जन्माला आला. पातोळ्या गेल्या!

मिहीरला फोन लावला.

"आजी, सेव्ह केलं नव्हतंस?"

"केलं की! कंट्रोल-एस दाबलं, तर कसल्याशा सेटिंग्ज उघडल्या. मी बंद केल्या. दुसऱ्याच्या घरातली कपाटं मी उघडत नाही."

"कंट्रोल-एसने सेटिंग्ज? बरं, गेलं त्यात काय होतं?"

मी तोंडी सांगितलं. तांदूळ कसे वाटायचे, पीठ पानावर किती पातळ पसरायचं, गूळ-खोबऱ्याचं चून कधी उतरायचं. तो हूं हूं करत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. मजकूर उचलायला कंट्रोल-सी दाबलं, तर वरचा मेनूच गायब! कंट्रोल-ए दाबलं, तर खिडकी आक्रसली. कंट्रोल-पी मात्र शहाण्यासारखं चालायचं. मग तारखेने पुन्हा घात केला. पुन्हा फोन, पुन्हा पातोळ्या तोंडी. या वेळी सई मधे मधे विचारत होती, "पान कुठल्या बाजूने लावायचं? चून सैल झालं तर?"

"माझ्याकडे इथे सगळं चालतंय!" मिहीर हैराण. "आजी, तू करतेस तरी काय?"

आजोबा पडवीतून ओरडले, "ती कांय करिना! त्या मशीनाक तिचो भंय दिसता!"

शेवटी सई म्हणाली, "आजी, व्हिडिओ लाव आणि फोन तुझ्या हातांवर धरायला आजोबांकडे दे."

आजोबांनी फोन धरला. (आधी माझ्या कपाळावर, मग भिंतीवरच्या पालीवर, मग हातांवर.) मी कंट्रोल-एस दाबलं. तिकडे किंकाळी!

"दादा, ती दोन हातांनी दाबतेय! पेटी वाजवल्यासारखी!"

अर्थात दोन हातांनी! टाइपरायटरचा नियमच आहे: अक्षर डाव्या हाताचं असेल तर शिफ्ट उजव्या हाताने. कंट्रोलला वेगळा न्याय कशाला? मिहीर कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, उजवीकडचा कंट्रोल आतल्या संगणकापर्यंत पोचतच नाही. तो बाहेरच्याला आज्ञा देतो. तू आर दाबलंस की बाहेरचा आतल्याला बंद करून पुन्हा चालू करतो. पी उजव्या हाताचं, म्हणून तिथे तू डावा कंट्रोल दाबतेस. तो चालतो!"

"मग मी काय करू?"

"सगळीकडे डावा वापर."

करंगळीने साफ नकार दिला. मग तो म्हणाला, बाहेरच्याची कळ उजव्या शिफ्टवर नेऊ. "आणि मी अर्धी मराठी अक्षरं कशाने काढू?" शेवटी ती स्क्रोल लॉकवर गेली, जिला कुणीच कधी हात लावत नाही.

कंट्रोल-एस. सेव्ह झालं! कंट्रोल-आर. तारीख उजवीकडे! मी तिसऱ्यांदा लिहिलेल्या पातोळ्या ऐटीत पाठवल्या.

उत्तरादाखल फोटो आला. थाळीत पातोळ्या, एकीचं पोट फुटलेलं, तरी पातोळ्याच! खाली सईने लिहिलं होतं, "आजी, सकाळीच केल्या. तू फोनवर इतक्यांदा सांगितलंस, पाठच झालं होतं. छान लिहिलंयस, वाचू निवांत."

त्याला आता महिना होत आला. तुमचे फोन रविवारचे झाले, तेही कामाची गडबड नसेल तर. हे सगळं मी एकदाही न अडखळता, एकदाही न पुसता लिहिलं. इतकं सुरळीत चालणारं यंत्र मी जन्मात पाहिलं नाही, आणि इतका राग मला कुठल्या यंत्राचा आला नाही!