कागद सरकेल एवढी जागा

पापडीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर नव्वदच्या दशकात सहा इंची आरशाची एक दुर्बीण होती. सगळे तिला माझी दुर्बीण म्हणत. तिच्याबद्दल मी बरीच वर्षं एक गोष्ट खोटी सांगत होतो.

तिचा आरसा पाचूबंदरच्या एका होडी बांधणाऱ्या सुताराने घासला होता. जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच त्यानेच कुठूनशी मिळवली. वाळूने भरलेल्या पिंपावर ती ठेवून, सहा महिने रोज संध्याकाळी पिंपाभोवती फेऱ्या मारत त्याने ती घासली. माझी पाठ दुखते म्हणून वरखाली सरकणाऱ्या फळीचं एक बाकडंही करून दिलं. आरसा नळीत बसवताना त्याने बजावलं, "साहेब, या तीन पट्ट्यांखाली कागद सरकंल एवढी जागा असू द्या. काच कधी आवळायची नाय."

मी मान हलवली. पण नळी रिक्षातून घरी न्यायची होती आणि रस्ता खड्ड्यांचा. आरसा निखळेल या धास्तीने मी त्या पट्ट्यांचे तिन्ही स्क्रू गच्च पिळले आणि नंतर विसरून गेलो.

शनी बघायला शेजारी जमले. कडी दिसली, पण पुसट. तारे तर चक्क तिकोनी दिसत होते.

"घासणाऱ्याने घाई केली असणार," मी म्हणालो.

"होडीवाल्याकडून आरसा करून घेतल्यावर दुसरं काय होणार?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

तो सुतार जिन्याच्या दाराशीच उभा होता. तसाच खाली गेला, तो परत आलाच नाही. दुसरा आरसा त्याने घासायला घेतला होता, तोही अर्धवट टाकल्याचं कानावर आलं.

पुढच्या हिवाळ्यात, रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आत चमकू नये म्हणून मी नळी आतून काळी रंगवली. आरसा परत बसवताना एका स्क्रूचे आटे गेलेले दिसले, म्हणून तिन्ही स्क्रू हलकेच लावले. त्या संध्याकाळी तारा टाचणीच्या टोकाएवढा दिसला. मी सुताराने करून दिलेल्या बाकड्यावरच बसलो होतो. मी स्क्रू आवळल्यानेच काच वाकून तारे तिकोनी झाले होते, हे तिथेच कळलं.

"भारीच सुधारली की हो. काय केलंत?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"आतून काळी केली," मी म्हणालो. पुढे अनेक वर्षं हेच उत्तर देत राहिलो.

निवृत्त झाल्यावर एकदाचा पाचूबंदरला गेलो. पाणी शिरू नये म्हणून तो होडीच्या फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत होता. मी सगळं सांगितलं.

"मला सांगून काय उपयोग?" हात न थांबवता तो म्हणाला. "माझा आरसा कसा हाय ते मला ठाऊक हाय. हसले त्यांना सांगा."

पुढच्या रविवारी दिवेलागणीला मी शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावलं आणि त्याच्यादेखत सांगितलं. मग सगळ्यांनी ओळीने शनी पाहिला. या खेपेला कुणी हसलं नाही. इमारत सोडून गेलेल्यांना मात्र हे कळलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

जाताना त्याने पिशवीतून ती अर्धवट घासलेली दुसरी काच काढून माझ्या हातात दिली.

"पिंप तिथंच हाय. या टायमाला फेऱ्या तुमी मारा."

हल्ली संध्याकाळी मी पिंपाभोवती फिरतो आणि तो बाजूला बसून माझ्या चुका काढतो. पाठ दुखते, पण दिवाळीपर्यंत आरसा होईल असं त्याचं म्हणणं आहे.